कुटुंबासोबत परदेशातला पहिला दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सगळं घर मिळून पहिल्यांदा परदेशी निघतं तेव्हा तयारीचा सगळा जोर व्हिसा, तिकिटं आणि काय काय पाहायचं यावर असतो. पोचल्या दिवसाचा विचार मात्र फारसा कुणी करत नाही, आणि सगळ्यात जास्त तारांबळ त्याच दिवशी उडते. झोप झालेली नसते, भूक अवेळी लागते, रस्ते अनोळखी असतात आणि प्रत्येक छोट्या गोष्टीचा निर्णय घ्यावा लागतो. माझं मत आधीच सांगते. पहिल्या दिवसाचं काम एकच: सगळ्यांनी धड पोचायचं, जेवायचं आणि तिथली रात्र झाली की झोपायचं. खालची बहुतेक उत्तरं याच मताच्या आधाराने दिली आहेत.

पहिल्या दिवशी कार्यक्रम काय ठेवावा?

जवळपास काहीच नाही. मुक्कामापासून चालत जाता येईल अशी एक मोकळी जागा निवडून ठेवा: बाग, नदीकाठ, समुद्रकिनारा, गावातला मोठा चौक. उजेड असताना तिथे तासभर फिरून या. वेळ ठरवून घेतलेलं कुठलंही तिकीट त्या दिवसासाठी काढू नका. विमानाला उशीर झाला, इमिग्रेशनची रांग लांबली किंवा एखादी बॅग आली नाही, तर ते तिकीट हातचं जातं आणि त्याची हळहळ दिवसभर सोबत राहते. शिवाय थकलेल्या मुलाला संग्रहालयात फिरवणं हे मुलालाही जड आणि तुम्हालाही. तेच संग्रहालय दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला आवडू शकतं.

आमची सहल चारच दिवसांची आहे. त्यातला एक असा रिकामा घालवायचा?

पहिल्या दिवशी ओढाताण केली की दुसरा दिवसही हातातून जातो. सहल लहान असेल तर हा धोका जास्त, कारण भरून काढायला पुढे दिवसच नसतात. फारच वाटत असेल तर संध्याकाळी एकच ठिकाण ठेवा, जिथे उशिरा पोचलात तरी चालेल आणि कंटाळा आला तर लगेच निघता येईल.

पोचायची वेळ कोणती चांगली?

लहान मुलं आणि वयस्कर माणसं सोबत असतील तर दुपारी दोन ते पाचच्या दरम्यान पोचणारं विमान मला सगळ्यात सोयीचं वाटतं. खोली तयार असते, बाहेर उजेड असतो आणि थोडं फिरून, जेवून झोपायची वेळ होते. पहाटे पोचणारं विमान स्वस्त मिळालं, तर खोली दुपारपर्यंत मिळणार नाही हे धरून चाला.

तारखेकडे नीट लक्ष द्या. तिकिटावर १५ तारीख आणि ००:४० अशी वेळ असेल, तर विमानतळावर १४ तारखेच्या संध्याकाळीच पोचायचं असतं. पोचण्याच्या वेळेशेजारी बारीक अक्षरात ‘+१’ दिसला तर त्याचा अर्थ तुम्ही दुसऱ्या दिवशी पोचणार. हॉटेलचं बुकिंग निघण्याच्या नव्हे, पोचण्याच्या तारखेचं हवं. आणि पहाटे चारला पोचून लगेच पडायचं असेल, तर आदल्या रात्रीपासून खोली घ्यावी लागते. तसं हॉटेलला कळवूनही ठेवा, नाहीतर रात्री कुणी आलं नाही म्हणून बुकिंग रद्द होऊ शकतं.

सगळे पासपोर्ट एकाकडेच ठेवावेत का?

विमानतळावर रांगेत असताना एकाकडे ठेवणं सोयीचं असतं. पण सगळ्या प्रती, सगळे पैसे आणि सगळी कार्डंही त्याच बॅगेत असतील तर ती एक बॅग गेली की सगळंच गेलं. मूळ पासपोर्ट एकाकडे, छायाप्रती आणि प्रत्येकाचे दोन-दोन फोटो दुसऱ्याकडे, आणि पासपोर्ट, व्हिसा, विमा व हॉटेलचं बुकिंग यांचे फोटो दोघांच्याही फोनमध्ये ठेवा. नेट नसतानाही उघडता येतील असे. पासपोर्ट हरवलाच तर पोलिसांकडे तक्रार आणि आपल्या देशाच्या दूतावासाकडे अर्ज या दोन्ही ठिकाणी याच प्रती लागतात.

निघायच्या बऱ्याच आधी मुदत तपासा. अनेक देशांना पासपोर्ट पुढे सहा महिने वैध लागतो. युरोपातल्या शेंगेन देशांत (आपापसांतल्या सीमांवर सहसा पासपोर्ट न तपासणाऱ्या देशांच्या गटात) तो परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध आणि मागच्या १० वर्षांत दिलेला असावा लागतो. मुलांचे पासपोर्ट सहसा मोठ्यांपेक्षा कमी मुदतीचे असतात, म्हणून आधी मुलांचेच पाहा.

पोचण्याआधी ऑनलाइन काही भरावं लागतं का?

बऱ्याच देशांत लागतं. सिंगापूर, मलेशिया आणि थायलंड या तिन्ही देशांत आगमनाचा फॉर्म पोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचा असतो. तो व्हिसापेक्षा वेगळा. मांडीवरच्या बाळाचाही भरावा लागतो. हा फॉर्म सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य असतो. त्याच नावाने पैसे मागणाऱ्या खासगी साइट्स शोधात वर दिसतात, तिकडे वळू नका. युरोपच्या शेंगेन देशांनी ऑक्टोबर २०२५ पासून बाहेरच्या प्रवाशांचे फोटो आणि बोटांचे ठसे नोंदवायला सुरुवात केली आहे. १२ वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत, फोटो घेतात. पहिल्या खेपेला यात वेळ जातो, तेवढा हाताशी ठेवा.

इमिग्रेशनला सगळ्यांनी एकत्र जायचं की एकेकट्याने?

बहुतेक ठिकाणी आई-बाबा आणि लहान मुलांना एकत्र काउंटरवर बोलावतात. आजी-आजोबांना मात्र वेगळं बोलावलं जाऊ शकतं. त्यांच्या हातात एक कागद द्या: मुक्कामाचा पत्ता, परतीची तारीख, सोबत कोण आहे आणि त्यांचा फोन नंबर. विचारतात तेही साधारण हेच: कशासाठी आलात, किती दिवस राहणार, कुठे उतरणार. उत्तरं थोडक्यात आणि खरी द्यावीत. अधिकारी कधीकधी मुलालाच नाव किंवा ‘सोबत कोण आहे’ असं विचारतात. तसं विचारलं तर त्याला बोलू द्या, मध्ये पडू नका. मूल आपल्याच माणसांबरोबर आहे ना, याची ते खात्री करत असतात. घरी दोनदा सराव केला की मुलं छान उत्तर देतात.

त्या हॉलमध्ये फोटो काढू नका, फोनवर बोलू नका. बऱ्याच देशांत तिथे मनाई असते.

मुलं आईबरोबर चालली आहेत, बाबा नंतर येणार. काही अडचण येईल?

येऊ शकते, म्हणून तयारीत राहा. जो पालक सोबत नाही त्याचं सहीचं संमतिपत्र घ्या, शक्यतो नोटरी केलेलं. त्यात प्रवासाच्या तारखा, पत्ता आणि त्यांचा फोन नंबर असावा. सोबत मुलाच्या जन्मदाखल्याची प्रत ठेवा. कॅनडासारखे देश असं पत्र जवळ ठेवा म्हणून आग्रहाने सांगतात. नातवंडांना घेऊन फक्त आजी-आजोबा चालले असतील तर दोन्ही पालकांचं पत्र हवं. आईचं आणि मुलाचं आडनाव वेगळं असेल तर जन्मदाखला विसरूच नका.

मधे विमान बदलायचं आहे. सामान आपोआप पुढे जातं का?

एकाच तिकिटावरचा प्रवास असेल तर सहसा जातं. चेक-इनच्या काउंटरवर ‘शेवटपर्यंत टॅग लावलात ना’ असं विचारा आणि टॅगवरचं विमानतळाचं नाव स्वतः वाचा. अमेरिका याला अपवाद आहे. तिथे पहिल्या विमानतळावरच इमिग्रेशन होतं, आणि सहसा सामान उचलून पुन्हा द्यावं लागतं. शेंगेन देशांतही पासपोर्टची तपासणी पहिल्या शेंगेन विमानतळावर होते, मुक्कामाचं शहर पुढचं असलं तरी. म्हणून फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला बदलून पुढे जाताना मधला वेळ मोकळा ठेवा. मुलं आणि वयस्कर माणसं असतील तर मी तीन तासांपेक्षा कमी अंतर घेणार नाही.

विमान बदलताना सुरक्षा तपासणी पुन्हा होऊ शकते. हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली चालत नाही, हा नियम २००६ पासून बहुतेक विमानतळांवर आहे. बाळाचं दूध आणि औषधं यांना सूट मिळते, पण ती वेगळी काढून दाखवावी लागतात.

उतरताना मुलाचे कान फार दुखतात. काय करावं?

विमानातला हवेचा दाब साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असतो तेवढाच ठेवलेला असतो. विमान खाली येऊ लागलं की दाब वाढतो, आणि कानाच्या आतली नळी त्याच वेगाने उघडली नाही की पडद्यावर ताण येऊन कळ येते. मुलांची ही नळी अरुंद असते. गिळताना ती उघडते, म्हणून बाळाला दूध पाजा, थोड्या मोठ्या मुलाला स्ट्रॉने पाणी प्यायला द्या किंवा चघळायला काहीतरी द्या. हे सगळं विमान जमिनीला टेकताना नव्हे, तर उतरायच्या साधारण अर्धा तास आधी, विमान खाली येऊ लागतं तेव्हापासून करायचं. मूल गाढ झोपलं असेल तर तेव्हाच उठवा. जीवावर येतं, पण झोपेत गिळणं कमी होतं आणि मग कळ येऊनच जाग येते. सर्दी किंवा कानाचा संसर्ग असेल तर निघण्याआधी डॉक्टरांना दाखवा.

आजोबा चालू शकतात, तरी व्हीलचेअर मागावी का?

मागावी. घरात चालणं वेगळं, आणि रात्रभर बसून आल्यावर मोठ्या विमानतळावर किलोमीटरभर चालून वर रांगेत उभं राहणं वेगळं. निघण्याच्या किमान ४८ तास आधी विमान कंपनीला कळवा, विमान बदलत असाल तर तिथेही हवी म्हणून सांगा. बऱ्याच वयस्कर माणसांना हे कमीपणाचं वाटतं. त्यांना समजावताना तब्येतीचा विषय काढू नका, ‘पोचल्यावर आपल्याला एकत्र फिरायचंय, त्यासाठी ताकद राखून ठेवू’ असं सांगा. खरं कारणही तेच आहे. एक लक्षात ठेवा: व्हीलचेअरबरोबर सहसा एकाच माणसाला जाता येतं. बाकीच्यांनी कुठे भेटायचं हे आधीच ठरवा. सामानाचा पट्टा ही सगळ्यात सोपी खूण.

पायांकडेही लक्ष हवं. चार तासांपेक्षा जास्त वेळ बसून प्रवास केला की पायाच्या शिरेत रक्ताची गाठ होण्याची शक्यता वाढते. एरवी ती फार कमी असते, पण वय, स्थूलपणा, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना आधी विचारा. थोड्या थोड्या वेळाने पावलं वर-खाली करावीत, जमेल तेव्हा उठून चालावं. दोन्ही पाय थोडे सुजणं नेहमीचं आहे. एकच पाय सुजून दुखू लागला किंवा धाप लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

औषधं कशी न्यावीत?

हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर औषधाच्या कंपनीच्या नावाबरोबर त्यातल्या घटकाचं नावही लिहून घ्या, कारण कंपनीची नावं देशागणिक बदलतात. इन्सुलिन विमानाच्या पोटात जाणाऱ्या सामानात कधीच टाकू नका, ते तिथे गोठू शकतं. प्रत्येक देशाची मनाई तपासा. आपल्याकडे सर्दी-खोकल्यावर सहज घेतली जाणारी काही औषधं दुसरीकडे नियंत्रित असतात. जपानमध्ये स्यूडोएफेड्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारा घटक) जास्त प्रमाणात असलेली औषधं नेता येत नाहीत आणि संयुक्त अरब अमिरातीत कोडीन किंवा ट्रामाडॉल हे वेदनाशामक घटक असलेल्या औषधांवर कडक नियम आहेत.

मधुमेह, रक्तदाब किंवा फिट यांच्या गोळ्यांची वेळ नव्या घड्याळाशी कशी जुळवायची, हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून आणा. हा हिशेब विमानात बसून मनाने करू नका.

बॅग आलीच नाही तर?

हॉलच्या बाहेर पडू नका. विमान कंपनीच्या सामान काउंटरवर तक्रार नोंदवा, तिचा क्रमांक घ्या आणि मुक्कामाचा पत्ता द्या. बहुतेक हरवलेल्या बॅगा खरं तर मागून येणाऱ्या विमानाने येतात आणि हॉटेलवर पोचवल्या जातात. १९९९ चा माँट्रियल करार बहुतेक देशांनी मान्य केला आहे. त्यानुसार बॅग फुटली-मोडली असेल तर मिळाल्यापासून ७ दिवसांत आणि उशिरा मिळाली असेल तर २१ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. २१ दिवसांत बॅग आलीच नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. मधल्या काळात लागले म्हणून घेतलेल्या कपड्यांच्या आणि दात घासायच्या सामानाच्या पावत्या जपा.

कुटुंबासाठी सोपी काळजी अशी: एका माणसाचं सगळं एकाच बॅगेत भरू नका. प्रत्येक मोठ्या बॅगेत प्रत्येकाचा एक-एक जोड टाका, म्हणजे एक बॅग अडकली तरी कुणी उघडं पडत नाही. आणि बॅगेचे फोटो काढून ठेवा.

कस्टममध्ये काय सांगावं लागतं?

ताजी फळं, बिया, रोपं, मांस आणि दुधाचे पदार्थ यांवर अनेक देशांत बंदी असते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड याबाबत फार कडक आहेत. शंका असेल ती प्रत्येक वस्तू फॉर्मवर लिहा आणि दाखवा. दाखवलेली वस्तू फार तर ठेवून घेतात, लपवलेल्या वस्तूला दंड होतो. मुलांच्या पाठीवरच्या पिशव्याही तपासा. विमानात मिळालेलं फळ हमखास त्यात असतं.

विमानतळावरून मुक्कामी कसं जावं? गाडी की मेट्रो?

पहिल्या दिवशी गाडी. पुढचे सगळे दिवस मेट्रोने फिरा, पण चार बॅगा, दोन मुलं आणि अर्धवट झोप घेऊन अनोळखी शहरातल्या स्टेशनचे जिने चढणं ही बचत महागात पडते. गाडी आधीच ठरवली असेल तर माणसं आणि मोठ्या बॅगा किती ते कळवा. पाच माणसं आणि पाच बॅगा साध्या गाडीत मावत नाहीत. लहान मुलांसाठी वेगळी सीट अनेक देशांत कायद्याने लागते, तीही सांगून ठेवा.

हॉटेलचं नाव आणि पत्ता तिथल्या लिपीत छापून सगळ्यांच्या खिशात ठेवा. फोन बंद पडला तरी कागद चालतो.

फोन आणि पैसे यांची सोय पोचल्यावर केली तर चालेल?

निघण्याआधी करा. ई-सिम (कार्ड न घालता फोनमध्ये उतरवून घ्यायचं सिम) चालणारा फोन असेल तर ते घरीच टाकून ठेवा आणि उतरल्यावर सुरू करा. निदान दोन मोठ्यांच्या फोनवर नेट हवं. एकाच फोनवर सगळे अवलंबून राहिले की तो माणूस दिवसभर माहिती केंद्र होऊन बसतो. मुक्कामाच्या भागाचा नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या.

थोडी रोकड तिथल्या चलनात सोबत ठेवा, दोन वेगवेगळी कार्डं दोन माणसांकडे द्या. कार्ड देताना ‘तुमच्या चलनात की आमच्या’ असं मशीन विचारतं. नेहमी तिथलं चलन निवडा. आपलं चलन निवडलं तर दर दुकानाच्या बाजूने ठरतो आणि तो सहसा बँकेच्या दरापेक्षा वाईट असतो.

सकाळी आठला पोचलो, खोली तीनला मिळणार. तोवर काय?

जवळपास सगळीच हॉटेलं सामान ठेवून घेतात, फक्त आधी मेल करून विचारा. आणखी एक विनंती करा: अंघोळीची काही सोय आहे का. बऱ्याच मोठ्या हॉटेलांत पोहण्याच्या तलावाजवळ किंवा व्यायामशाळेत ती असते. अंघोळ करून कपडे बदलले की माणसांचा नूर बदलतो, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलं आहे. त्यासाठी एक-एक जोड हातातल्या बॅगेत वरच ठेवा. मग जवळच्या बागेत जाऊन बसा. आजी-आजोबांना सात तास बाहेर काढणं झेपणारं नसेल, तर आदल्या रात्रीची निदान एक खोली घेऊन ठेवणं चांगलं. त्या एका खोलीत सगळे आळीपाळीने पडू शकतात.

जेट लॅग टाळता येतो का?

जेट लॅग म्हणजे आपण नव्या वेळेत पोचतो, पण शरीर घरच्याच वेळेवर राहतं. तो टाळता येत नाही, कमी करता येतो. आपल्या मेंदूत, डोळ्यांकडून येणाऱ्या नसा जिथे एकमेकींना ओलांडतात त्याच्या जरा वर, पेशींचा एक छोटा पुंजका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ तेच. विमान आपल्याला काही तासांत सात टाइम झोन पलीकडे नेतं, पण हे घड्याळ दिवसाला साधारण एक-दीड तासच सरकतं. ते मुळात २४ तासांपेक्षा किंचित मोठा दिवस धरून चालतं, म्हणून झोप पुढे ढकलणं सोपं आणि अलीकडे आणणं अवघड. पश्चिमेला गेलो की लवकर झोप येते आणि पहाटे जाग येते, ते त्या मानाने निभतं. पूर्वेला गेलो की रात्री झोपच येत नाही, आणि सकाळी कुणी उठत नाही.

घड्याळ सरकवायचं सगळ्यात मोठं साधन म्हणजे उजेड. पश्चिमेला पोचलात तर दुपार आणि संध्याकाळ बाहेर उजेडात घालवा. पूर्वेला पोचलात आणि फरक सहा-सात तासांचा असेल, तर पहिल्या दिवशी भल्या सकाळचं ऊन उलटं काम करतं. शरीराच्या हिशेबाने तेव्हा अजून मध्यरात्रच असते, आणि त्या वेळचा उजेड घड्याळ आणखी मागे ढकलतो. अशा वेळी सकाळी पडदे ओढून आराम करा आणि साधारण अकराच्या पुढे बाहेर पडा. फरक दोन-तीन तासांचाच असेल तर यातलं काहीही करायची गरज नाही.

दुपारी झोप अनावर झाली तर मोठ्यांनी वीस-तीस मिनिटं गजर लावून पडावं. लहान मुलांना तासभर झोपू द्या, पण दुपारी तीनच्या आत उठवा. मेलाटोनिनच्या (शरीराला रात्र झाल्याचा इशारा देणाऱ्या संप्रेरकाच्या) गोळ्या काही देशांत दुकानात सहज मिळतात, काही देशांत चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. मुलांना त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

रात्री तीनला मुलं टक्क जागी होतात. मग?

होणारच, रागावू नका. दिवे मंद ठेवा, टीव्ही आणि फोन बंदच. थोडं खायला द्या, कारण पोटाचं घड्याळही अजून घरचंच असतं. त्यासाठी रात्री खोलीत काहीतरी आणून ठेवा, तीन वाजता बाहेर काही मिळत नाही. मग हळू आवाजात गोष्ट सांगा, पत्ते खेळा, चित्रं काढू द्या. एका खोलीत सगळे झोपले असतील तर मोठ्यांपैकी एकानेच उठायचं, दुसऱ्याने झोपायचं. दुसऱ्या रात्री पाळी बदला. आई रोज उठते आणि बाकीचे सकाळी ताजेतवाने, असं होऊ देऊ नका.

पहिल्या दिवशी जेवायचं कुठे?

मुक्कामाच्या सगळ्यात जवळ, आणि तिथल्या घड्याळाप्रमाणे. जागा घरी बसूनच शोधून ठेवा. नावाजलेलं ठिकाण, लांब रांग, नवे पदार्थ हे दुसऱ्या दिवसासाठी. विमानातल्या हवेत ओलावा फार कमी असतो, बऱ्याचदा २० टक्क्यांहूनही कमी. त्यामुळे उतरल्यावर सगळ्यांनी पाणी भरपूर प्यावं.

गर्दीत मूल हरवलं तर?

नियम घरीच ठरवा आणि रोज सकाळी म्हणून घ्या: हरवलं असं वाटलं की जिथे आहे तिथेच थांबायचं, आई-बाबा शोधत येतात. शोधत फिरायचं नाही. रोज सकाळी निघताना मुलाचा त्या दिवशीच्या कपड्यांतला फोटो काढा. घाबरल्यावर त्याने कोणत्या रंगाचा शर्ट घातला होता हे कुणालाच आठवत नाही. खिशात तुमचा नंबर देशाच्या कोडसह आणि हॉटेलचं कार्ड ठेवा. नाव बॅगेच्या बाहेरच्या बाजूला लिहू नका.

मेट्रोसाठी वेगळा नियम लागतो. दार बंद झालं आणि कुणी एकटं आत गेलं, तर त्याने पुढच्याच स्टेशनवर उतरून तिथे थांबायचं, मागे राहिलेल्यांनी पुढच्या गाडीने तिथे जायचं. मूल एकटं फलाटावर राहिलं तर त्याने हलायचं नाही, मोठे परत येतील. हा नियम आजी-आजोबांनाही सांगा. मदतीचे नंबर पाठ करा: युरोपीय संघात ११२, अमेरिका आणि कॅनडात ९११, ब्रिटनमध्ये ९९९, ऑस्ट्रेलियात ०००, जपानमध्ये पोलिसांसाठी ११० आणि रुग्णवाहिकेसाठी ११९.

रस्ता ओलांडताना काय लक्षात ठेवावं?

वाहनं कोणत्या बाजूने येतात ते. ब्रिटन, जपान, ऑस्ट्रेलिया, थायलंड, सिंगापूर इथे ती डावीकडून चालतात, अमेरिकेत आणि युरोपच्या बहुतेक भागांत उजवीकडून. मान सवयीच्या बाजूलाच आधी वळते, आणि थकव्यात तर हमखास. लंडनमध्ये म्हणूनच रस्त्यावर कुठे पाहायचं ते रंगवून लिहिलेलं असतं. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाचा हात एका मोठ्याच्या हातात, मूल दहा वर्षांचं असलं तरी.

चार्जर तिथे चालतील का?

चार्जरवर १००–२४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर वीज चालते, फक्त पिनेचा अडॅप्टर लागतो. एकच अडॅप्टर आणि एक एक्स्टेंशन बोर्ड न्या, सगळ्यांचे फोन त्यावर लागतात. हेअर ड्रायरसारख्या वस्तू घरीच ठेवा. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच, १०० वॅट-अवरच्या आत. नेहमीची २०,००० एमएएचची पॉवर बँक साधारण ७४ वॅट-अवरची असते. विमानात ती वापरू देत नाहीत असं बऱ्याच कंपन्यांनी आता ठरवलं आहे.

पहिल्याच संध्याकाळी आमच्यात भांडण होतं. हे सगळ्यांचंच होतं का?

फार घरांत होतं. त्याची कारणं माणसांच्या स्वभावात शोधू नका. झोप न झालेल्या माणसाचा संयम तोकडा असतोच. पण त्याहून मोठं कारण असं की, सगळं एकाच माणसाने ठरवलेलं असतं. तिकिटं, व्हिसा, हॉटेल, गाडी सगळं त्याच्या किंवा तिच्या डोक्यात असतं. बाकीचे दर दहा मिनिटांनी विचारतात, ‘आता कुठे? किती लांब? जेवायचं काय?’ विचारणाऱ्याला तो साधा प्रश्न वाटतो. ऐकणाऱ्याला तो दिवसातला पन्नासावा निर्णय असतो. मग खोली थोडी लहान निघाली किंवा कुणी ‘हे हॉटेल का घेतलं?’ म्हटलं, की बांध फुटतो.

उपाय घरीच करायचा आहे. कामं वाटून घ्या, आणि वाटलेलं काम खरोखर त्या माणसाचंच राहू द्या. एकाकडे कागद, दुसऱ्याकडे पैसे आणि गाडी, तिसऱ्याकडे नकाशा, चौथ्याकडे खाणं-पाणी. प्रत्येक वळणावर बॅगा मोजायचं काम सात-आठ वर्षांचं मूल फार मन लावून करतं. पहिल्या दिवसाचे निर्णय निघण्याआधीच घेऊन एका कागदावर लिहा: गाडी कोणती, जेवण कुठे, कोण कुठे झोपणार. कागद सगळ्यांना द्या, म्हणजे कुणाला विचारावं लागणार नाही. आणि एक करार करा: हॉटेल, विमान, खर्च यांबद्दलची कुठलीही तक्रार पहिल्या दिवशी बोलायची नाही, दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर बोलायची. तोवर निम्म्या तक्रारी विरून जातात. उरतात त्या खऱ्या असतात आणि शांतपणे सोडवता येतात.

ज्याने सगळी आखणी केली त्याला पहिल्या संध्याकाळी एक तास पूर्ण मोकळा द्या. मुलं दुसऱ्याने सांभाळावीत.

पंधरा वर्षांचा मुलगा दिवसभर फोनमध्ये तोंड घालून बसतो. काय करावं?

पहिल्या दिवशी काहीच बोलू नका. त्या वयात झोप तशीही उशिरा येते, आणि टाइम झोन बदलल्यावर त्या मुलांनाही जड जातं. फोन काढून घेण्याऐवजी फोनचंच काम द्या: नकाशा, गाडीची वेळ, पाट्यांचं भाषांतर. कुटुंब त्याच्या मागून चालतंय हे कळलं की तो आपोआप मान वर करतो. एका गोष्टीत मात्र सूट नाही, जेवताना फोन कुणाचाच नको, मोठ्यांचाही नको.

पोचल्या पोचल्या कुणी आजारी पडलं तर?

आधी विमा कंपनीच्या चोवीस तास चालणाऱ्या नंबरवर फोन करा. कुठल्या दवाखान्यात जायचं ते तेच सांगतात, आणि न कळवता गेलात तर खर्चाची परतफेड अडू शकते. जीवावर बेतलं असेल तर मात्र थेट रुग्णवाहिका बोलवा, विम्याचं नंतर. पॉलिसीचा क्रमांक दोघांच्या फोनमध्ये हवा. उलट्या-जुलाब झाले तर मूल किती पाणी पितं आणि लघवी होते का याकडे लक्ष ठेवा, आणि क्षारांच्या पुड्या सोबत न्या. आजारी माणसाजवळ एकाने थांबावं, बाकीच्यांनी बाहेर जाऊन यावं. सगळ्यांनी खोलीत बसून राहिलं की आजारी माणसालाच अपराधी वाटतं.

दुसऱ्या दिवसाचं नियोजन पहिल्या रात्री करावं का?

एवढंच ठरवा: सकाळी किती वाजता भेटायचं आणि नाश्ता कुठे करायचा. बाकीचं सकाळी, कोण कसं झोपलं ते पाहून. दुसऱ्या दिवशीचं पहिलं तिकीट अकराच्या आधीचं घेऊ नका. दुसऱ्या दिवशीचे कपडे, औषधं आणि पासपोर्टची जागा रात्रीच एकदा पाहून घ्या, आणि घरी ‘पोचलो’ म्हणून कळवायचं राहिलं असेल तर कळवा, तिथे आता किती वाजले आहेत ते आधी बघून.